हातमोज्याचा अंगठा

अंगठा आत जात नव्हता.

डेव्ह हा आमचा माउंट मेकर. वस्तू काचेच्या केसमध्ये नीट राहावी म्हणून तिच्या आतला आधार बनवणारा माणूस. त्याने हातमोज्यांच्या एका जोडीसाठी दोन मऊ हात बनवले होते, एक डावा आणि एक उजवा. आत फोम, वर गुळगुळीत रेशमी कापड. डावा हात डाव्या मोज्यात विनातक्रार गेला. उजव्याची बोटं अर्धी आत गेली आणि अंगठ्यापाशी गाडी अडली.

"लेदर श्रिंक झालंय, मेट," डेव्ह म्हणाला.

"बहुतेक," मी म्हणाले.

या "बहुतेक"वर मी पुढचे चार दिवस काढले. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मी टेक्स्टाइल कॉन्झर्व्हेटर आहे. पिंपरीतल्या नातेवाइकांना मी सांगते, जुन्या कापडांची डॉक्टर. ते एकमेकांना सांगतात, प्रज्ञा तिकडे रफू करते. मला दोन्ही मान्य आहे. मेलबर्नमधल्या एका म्युझियममध्ये मी सहा वर्षं काम करत होते, पण कॉन्ट्रॅक्टवर. पर्मनंट पोस्टचा इंटरव्ह्यू पुढच्याच महिन्यात होता. आणि पहिल्यांदाच एका प्रदर्शनातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू माझ्या एकटीच्या हातात दिली होती. रिपोर्टवर सही फक्त माझी.

वस्तू म्हणजे इंग्लंडमधले, साधारण चारशे वर्षांपूर्वीचे भरतकाम केलेले हातमोजे. हे थंडीसाठी नव्हतेच. त्या काळी युरोपात श्रीमंत घरांमध्ये लग्नात, मानपानात असे हातमोजे द्यायचे. आपल्याकडे शालजोडी देतात तसं समजा. घालण्यापेक्षा हातात धरून मिरवायचे. हाताचा भाग साध्या, पातळ, पांढऱ्या चामड्याचा. बोटं खऱ्या माणसाच्या बोटांपेक्षा लांब, कारण लांब बोटं म्हणजे खानदानी. सगळा थाट मनगटाच्या खाली. तिथे सॅटिनचा रुंद घेर जोडलेला आणि त्यावर फुलं, पानं, पक्षी, टिकल्या, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ही तार कापडातून आरपार जात नाही. वर पसरून बारीक रेशमी टाक्यांनी बांधून ठेवतात. आपल्या जरदोजीत असतं तसंच. म्हणून मला वाटायचं, हे काम मला कळतं.

मोजे हेदरचे होते. हेदर चौऱ्याऐंशी वर्षांची, मेलबर्नजवळच्या बॅलरॅटची निवृत्त प्रायमरी टीचर. तिच्या घराण्यात ते पिढ्यान् पिढ्या चालत आलेले, बोटीतून ऑस्ट्रेलियात आलेले. तिच्या घरी ते एका फ्रेममध्ये, पुठ्ठ्यावर टाके घालून बसवलेले होते. डावीकडे डावा, उजवीकडे उजवा, दोन्ही अंगठे एकमेकांकडे. खाली पितळी पट्टीवर लिहिलेलं, लग्नाच्या हातमोज्यांची जोडी. प्रदर्शनाचं नावही लग्नातल्या भेटवस्तूंवरून ठेवलेलं. पोस्टरवर हीच जोडी. ओपनिंग पुढच्या शुक्रवारी.

कुठलीही वस्तू आली की आम्ही आधी कंडिशन रिपोर्ट लिहितो. कुठे काय फाटलंय, काय उसवलंय, काय काळं पडलंय, सगळं मापासकट. मी तो फ्रेममधल्या मोज्यांकडे वरून बघत लिहिला होता. त्यातल्या काही नोंदी सांगते, म्हणजे तुम्हाला माझ्या हुशारीचा अंदाज येईल.

डाव्या मोज्याच्या घेरावर मधोमध एक पक्षी आहे. उजव्यावर पक्षी नाही, वाटाण्याच्या शेंगा आहेत. मी लिहिलं, नक्षीत मुद्दाम फरक केलेला दिसतो.

डाव्याच्या पंजावर शिवणीच्या तीन उभ्या रेघा आहेत. उजव्यावर नाहीत. मी लिहिलं, झिजल्या असाव्यात.

उजव्याची बोटं सांध्यांवर आडवी चुरगळलेली आहेत, डाव्याची नाहीत. मी लिहिलं, घडी घालून ठेवल्याने.

उजवा डाव्यापेक्षा जवळजवळ सेंटिमीटरभर लांब. हाताने केलेलं काम, चालायचंच.

आणि उजव्याचा अंगठा पंजाच्या खाली दुमडण्याऐवजी वर आलेला. मी लिहिलं, फ्रेम करताना चुकीचा वळवला गेला आहे.

प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं. पाच वेगवेगळ्या गोष्टींना पाच वेगवेगळी उत्तरं. एकत्र मात्र त्यांचा मेळ बसत नव्हता, आणि ते मला कुठेतरी टोचत होतं. मी रोज सकाळी त्या टेबलापाशी उभी राहायचे आणि मला काहीतरी चुकतंय असं वाटायचं. काय, ते कळायचं नाही. ज्या चित्रात दहा फरक शोधायचे असतात ते चित्र समोर आहे आणि दुसरं चित्र कोणी दिलेलंच नाही, तसं.

तुम्ही म्हणाल, एवढं कोडं पडलं होतं तर हात घालून का नाही बघितला? तेच तर. आमच्या धंद्यात जुनं काहीही अंगावर चढवत नाहीत. टोपी डोक्यावर नाही, बूट पायात नाही, मोजा हातात नाही. पहिल्या वर्षी युनिव्हर्सिटीत हेच शिकवतात आणि ते इतकं भिनतं की पुढे मनातसुद्धा आपण मोजा घालून बघत नाही. शिवाय आम्ही अशी वस्तू उलटीही करत नाही. फ्रेमचे टाके कापले, खाली पातळ शीट सरकवली, शीटसकट मोजा टेबलावर आणला. तारेचं काम खाली दाबलं जायला नको ना. त्यामुळे उजव्याची खालची बाजू मी पाहिलीच नव्हती. डाव्याची पाहिली होती, आरशाने, तीही फक्त चामडं फाटलंय का एवढ्यापुरती. उजवाही तसाच असणार, म्हणून सोडून दिला.

गुरुवारी अंगठा अडला. शुक्रवारी मी फिओनाकडे गेले. फिओना म्हणजे आमची हेड. कमी बोलते, आणि जे बोलते ते ईमेलमध्येही लिहून ठेवते.

"प्लॅन काय?" तिने विचारलं.

"अंगठ्याला ओलावा द्यायचा. दोन दिवस, अगदी हळूहळू. चामडं नरम झालं की अंगठा परत खाली वळवते."

"हे तुरटीचं लेदर आहे ना?"

"हो."

तुरटीचं म्हणजे तुरटी लावून पांढरं केलेलं. त्याला पाणी लागलं की तुरटी निघून जाते आणि चामडं पुठ्ठ्यासारखं कडक होतं. मग ते पुन्हा कधीच मऊ होत नाही. त्यामुळे ओलावा द्यायचा तर फक्त वाफेचा, तोही मोजून. जरा चुकलं तर चारशे वर्षांचा अंगठा हातात येणार.

"तुला खात्री आहे, तो चुकीचा वळलाय?"

खात्री नव्हती. पण "मला माहीत नाही" हे तीन शब्द इंटरव्ह्यूच्या महिनाभर आधी बॉससमोर तोंडातून निघत नाहीत.

"हो," मी म्हणाले.

"मग सोमवारी सुरू कर."

शनिवारी सकाळी मी फोटोंचे प्रिंटआउट डायनिंग टेबलावर पसरून बसले होते. समोर माझा नवरा, मिलिंद, मेथी निवडत होता. मिलिंद आधी चाकणला एका कारखान्यात होता. आता डँडेनॉन्गला एका फॅब्रिकेशनच्या फॅक्टरीत सेफ्टी सुपरवायझर आहे. हेल्मेट, गॉगल, बूट, ग्लोव्ह्ज कोणी घातले, कोणी नाही, हे बघत दिवसभर फिरतो. माझ्या कामात तो कधी तोंड घालत नाही. चारशे वर्षांपूर्वीची टिकली आणि परवाची टिकली यातला फरक आपल्याला कळत नाही, असं तो स्वतःच सांगतो.

"दोन्ही डावे आहेत," तो म्हणाला.

"काय?"

"ग्लोव्ह्ज. दोन्ही डावे आहेत."

मला हसूच आलं. "मिलिंद, हा डावा, हा उजवा. अंगठे बघ, समोरासमोर आहेत."

"हा उलटा ठेवलाय. तळवा वर आहे." त्याने मेथीची जुडी खाली ठेवली आणि ओल्या हाताने फोटोवर बोट टेकवलं. मी प्रिंटआउट ओढून घेतला. "अगं, अंगठा बघ ना कसा वर आलाय. आमच्याकडे रोज दोन-तीन जण असे सापडतात. उजवा हरवतो, मग बिनमधून दुसरा डावा काढतात आणि उलटा घालून शिफ्ट मारतात. लांबून कळत नाही. अंगठ्यावरून पकडतो मी."

"बिनमध्ये डावेच का असतात?"

"कारण हरवतो तो उजवा. फोन बघायचा, सही करायची, नाक खाजवायचं, सगळं उजव्या हाताने. मग उजवा काढतात, कुठेतरी ठेवतात आणि तो गेला. डावा हातात तसाच राहतो. आमचा सिंगल ग्लोव्ह्जचा ड्रम भरलेला आहे, सगळे डावे."

मी चिडले. खरंच चिडले. इतकी माणसं, इतके कॅटलॉग, माझी सहा वर्षं, आणि हा मेथी निवडता निवडता सांगतो. मी त्याला म्हटलं, हे तुमचे वेल्डिंगचे ग्लोव्ह्ज नाहीत. तो म्हणाला, "बरं," आणि पुन्हा मेथीकडे वळला. वाद घालत नाही, हा त्याचा गुण मला त्या दिवशी अजिबात आवडला नाही.

मग मी स्वतःचा डावा हात टेबलावर पालथा ठेवला. मग उताणा केला. मग पुन्हा पालथा. उताणा केला की अंगठा डावीकडे जात होता, उजव्या हाताच्या अंगठ्यासारखा. वर बोटांच्या सांध्यांच्या आडव्या रेषा दिसत होत्या. सांध्यांवर आडवी चुरगळलेली बोटं. मी तिकडे बघत बसले. एखादी गोष्ट समजल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. मला लॅबमध्ये मांडून ठेवलेलं वाफेचं सामान आठवलं.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी लॅबमध्ये पोहोचले. वाफेचं सामान शुक्रवारीच मांडून ठेवलं होतं. ते बाजूला केलं. दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा छोटा आरसा घेतला, उजव्या मोज्याखालची शीट एका कडेने थोडी उचलली आणि आरसा आत सरकवला.

खालच्या बाजूला तीन उभ्या रेघा होत्या. घेरावर पक्षी होता.

उजवा मोजा नव्हताच. अंगठा कोणी चुकीचा वळवला नव्हता. चारशे वर्षं तो जिथे शिवला होता तिथेच होता. आणि मी त्याला दोन दिवस वाफ देऊन, लाडीगोडीने मोडणार होते.

आता खरं सांगते. त्या वेळी माझ्या मनात पहिला विचार मोज्याचा आला नाही, इंटरव्ह्यूचा आला. गप्प बसणं इतकं सोपं होतं! डेव्हला सांगायचं की अंगठा वर असलेला आधार बनव. मोजा होता तसाच उताणा ठेवायचा. इतकी वर्षं कोणाला कळलं नाही, आताही कळलं नसतं. पोस्टर बरोबर, लेबल बरोबर, माझी सही बरोबर. मी पंधरा-वीस मिनिटं तरी आरसा हातात घेऊन उभी होते. मग फिओना आली. तिने वाफेचं सामान बाजूला ठेवलेलं पाहिलं.

"सुरू नाही केलंस?"

"नाही. फिओना, माझा रिपोर्ट चुकलाय. ही जोडी नाहीये. दोन्ही डावे आहेत. शुक्रवारी मी खात्री आहे म्हणाले, पण नव्हती."

तिने आरसा घेतला, वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने माझ्याच टेबलावर स्वतःचा डावा हात पालथा ठेवला, उताणा केला, पुन्हा पालथा केला. मला तेवढ्यातही जरा बरं वाटलं.

"हे कोणाच्या लक्षात आलं?"

"माझ्या नवऱ्याच्या. तो फॅक्टरीत सेफ्टी सुपरवायझर आहे."

"ऑफ कोर्स," ती म्हणाली. यात उपहास होता की नाही, ते मला आजही ठरवता आलेलं नाही. मग तिने जुनी फाइल काढली. हेदरकडून मोजे प्रदर्शनापुरते घेतल्याच्या लोन ॲग्रीमेंटमध्ये जोडी. प्रदर्शन ठरवणाऱ्या क्युरेटरच्या नोटमध्ये जोडी. तीही कुठून आली, तर त्या फ्रेमखालच्या पितळी पट्टीवरून. एकाने वाचलं, दुसऱ्याने उतरवलं, तिसऱ्याने सही केली. तिसरी मी.

"क्युरेटरशी मी बोलते," फिओना म्हणाली. "हेदरला तू फोन कर. रिपोर्ट तुझा आहे."

लग्नाची जोडी म्हणून आयुष्यभर भिंतीवर टांगलेली वस्तू जोडी नाही, हे चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला फोनवर कसं सांगायचं, याचं ट्रेनिंग आम्हाला देत नाहीत. मी दोनदा नंबर फिरवून कट केला. तिसऱ्यांदा तिने उचलला.

मी सांगितलं. माफी मागितली. म्हटलं, तुम्हाला मोजे परत हवे असतील तर आम्ही समजू शकतो.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"दोन्ही डावे," हेदर म्हणाली. "तुला नक्की माहीत आहे?"

"या वेळी नक्की."

"दुसऱ्याच्या अंगठ्याजवळची शिवण उसवलेली आहे का?"

होती. अगदी छोटी, अंगठ्याच्या मुळाशी. रिपोर्टमध्ये मी तिचं मापही लिहिलं होतं. मी हो म्हणाले.

"ती मी उसवली," ती म्हणाली. "मी आठ वर्षांची होते. तेव्हा मोजे फ्रेममध्ये नव्हते, आईच्या ड्रॉवरमध्ये असायचे. आई बाहेर गेली होती. मी एक घातला, तो बसला. मोठा होता, पण बसला. मग दुसरा उजव्या हातात घालायला गेले, तो जाईचना. मी जोर लावला. टर्रकन आवाज आला. मी ते परत ठेवले आणि कोणाला सांगितलं नाही. वडिलांना वाटलं उंदीर असेल. म्हणून त्यांनी फ्रेम करून भिंतीवर उंच लावले. मी रोज त्याच्या खालून शाळेत जायचे."

मी रिपोर्टमधलं ते माप पुन्हा वाचलं.

"मला इतकी वर्षं वाटायचं, माझाच हात वाकडा होता," हेदर म्हणाली. "माझ्या बहिणीने घातला असता तर नीट गेला असता, असं वाटायचं. ती सगळं नीट करायची."

फोनवर ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. मी मात्र रडले. लॅबमध्ये वस्तूंच्या आसपास पाणी चालत नाही, म्हणून कॉरिडॉरमध्ये जाऊन रडले.

मोजे तिने परत मागितले नाहीत. फक्त एक अट घातली. उसवलेली शिवण दुरुस्त करायची नाही.

डेव्हने दुसरा डावा हात बनवला. "नो वरीज, साचा तर तयारच आहे," म्हणाला. तो अलगद आत गेला, अंगठ्यासकट. पोस्टर बदलायला वेळ नव्हता, ते तसंच राहिलं. लेबल बदललं. क्युरेटरला त्यात लिहायचं होतं की हे नवरा-नवरीचे एकेक मोजे असावेत, दोघांच्या जोड्यांमधले उजवे हरवले असावेत. ऐकायला छान होतं. मिलिंदच्या ड्रमशीही जुळत होतं. पण पुरावा काय? एक लांब, एक आखूड, एवढाच. पुन्हा एकदा "बहुतेक"वर सही करायची माझी तयारी नव्हती. शेवटी लेबलवर एवढंच आलं: दोन डावे हातमोजे, नक्षी सारखी, परस्परांशी नातं अज्ञात. उजवे कुठे गेले, मुळात होते का, एकाच घराचे की दोन घरांचे, मला माहीत नाही. आता हे शब्द मला बऱ्यापैकी जमतात.

ओपनिंगला हेदर बॅलरॅटहून ट्रेनने आली. केससमोर लोक घोळक्याने उभे होते. लेबल वाचून प्रत्येकजण आपला हात वर करत होता, उलटा करत होता, शेजारच्याला विचारत होता. हेदरने कोणाला काही विचारलं नाही. तिने आपला डावा हात काचेवर टेकवला, एका मोज्यासमोर, मग दुसऱ्यासमोर. मग उजवा हात वर केला, थोडा वेळ त्याच्याकडेच बघितलं, आणि कोटाच्या खिशात घातला.

"सरळ आहे गं," ती मला म्हणाली.

इंटरव्ह्यूत मला विचारलं, तुमची एखादी चूक सांगा. मी हीच सांगितली. पोस्ट दुसऱ्या कोणाला मिळाली, मला एक वर्षाचं एक्स्टेन्शन मिळालं. फिओना म्हणाली की त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता. असेलही, नसेलही.

आमच्या रिपोर्टच्या फॉर्ममध्ये मी दोन प्रश्न वाढवून घेतले आहेत: "डावा की उजवा? कशावरून?" लोक पहिल्याचं उत्तर पटकन लिहितात. दुसऱ्यापाशी पेन थांबतं. तिथे मी तीन ओळींची जागा ठेवली आहे.